वावरातलं ऊन मोजायला काय घ्यावं? बटण लॉगर, काळा गोळा आणि भिंतीवरचं घड्याळ

उन्हाचा आणि आजारपणाचा संबंध तपासायचा म्हटलं की पहिला आकडा सगळे हवामान खात्याकडून घेतात. अकोला, ब्रह्मपुरी, चंद्रपूर, जे जवळचं केंद्र असेल त्याचं कमाल तापमान अभ्यासातल्या प्रत्येक माणसाच्या नावापुढे लिहून टाकायचं. तो आकडा पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीतल्या, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास टांगलेल्या, कायम सावलीत असलेल्या थर्मामीटरचा असतो. पऱ्हाटीच्या ओळीत वाकलेली बाई, रोजगार हमीच्या शेततळ्यावर माती उपसणारा गडी आणि टिनाच्या खोलीत पडलेली म्हातारी या तिघांना त्या पेटीतलं ऊन लागत नाही. म्हणून ज्यांना खरोखर किती उष्णता सोसावी लागते ते मोजायचं आहे, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी, नर्सिंग कॉलेजं, समाजकार्याचे प्रकल्प, छोट्या संस्था, त्यांच्यासाठी हे परीक्षण. तीन साधनं आहेत: अंगावर घालायचा बटणाएवढा लॉगर (ठरावीक वेळानं आपोआप तापमान नोंदवणारं यंत्र), गावात एका जागी लावायचा काळ्या गोळ्याचा मीटर आणि घरातल्या भिंतीवरचं दोन-तीनशे रुपयांचं डिजिटल घड्याळ.

निकाल आधीच सांगून टाकतो. पैसे बेताचे असतील तर लॉगर घ्या, मीटर एकच घ्या, घड्याळं फक्त घरातल्या खोल्यांपुरती वापरा. आणि या तिन्हींच्या आधी पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा, सुतळी आणि मीठ घ्या. ते का, ते पुढे येईलच.

केंद्राचा आकडा टाकाऊ नाही, हेही लगेच नोंदवायला हवं. वीस वर्षांतले मृत्यू आणि तापमान यांची सांगड घालायची असेल तर दुसरा पर्यायच नसतो. पण गावातल्या चाळीस जणांत कोणाला जास्त ऊन लागलं हे त्यातून कळत नाही, कारण चाळिसांनाही एकच संख्या मिळते. त्यानं परिणामाचा अंदाज एकाच बाजूला झुकेलच असं नाही, पण इतका सैल होतो की छोट्या अभ्यासात काहीच हाती लागत नाही. अंगावरचं यंत्रच चुकत असेल तर प्रकार वेगळा. तिथे खरा परिणाम आहे त्याहून लहान दिसतो आणि अहवालात ‘संबंध आढळला नाही’ असं लिहिलं जातं. म्हणजे वाईट लॉगर घेणं हे लॉगर न घेण्यापेक्षा जास्त महागात पडू शकतं. स्वयंचलित केंद्रंही डोळे झाकून घेऊ नयेत. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि तपासणीनंतर सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं हवामान खात्यानंच सांगितलं. एवढ्या मोठ्या जाळ्यात हे होतं, तर आपल्या तीस बटणांत होणारच.

बटण लॉगर

आयबटण हे नाव संशोधकांत रुळलेलं आहे. स्टेनलेस स्टीलची डबी, व्यास १७ मिलिमीटरच्या थोडा वर, जाडी ६ मिलिमीटरच्या आत. आत सेन्सर, घड्याळ, मेमरी आणि बॅटरी, सगळं बंद. स्क्रीन नाही, बटण दाबायचं नाही, दिवा लुकलुकत नाही. वावरात हाच त्याचा मोठा गुण, कारण बघण्यासारखं काही नसलं की पोरं हात लावत नाहीत.

तीन मॉडेलं कामाची. डीएस१९२१जी, म्हणजे थर्मोक्रॉन, फक्त तापमान नोंदवतो, अर्ध्या अंशाच्या पायरीनं, अधिक-उणे १ अंश अचूकतेनं, २०४८ नोंदी. डीएस१९२२एल तेच काम अधिक नेमकं करतो: ०.०६२५ अंशाची पायरी, सॉफ्टवेअरची दुरुस्ती लावली तर अर्ध्या अंशाची अचूकता, बारीक पायरीवर ४०९६ नोंदी. डीएस१९२३, म्हणजे हायग्रोक्रॉन, तापमानाबरोबर हवेतली आर्द्रताही नोंदवतो. उष्णतेच्या अभ्यासाला हाच हवा. थर्मोक्रॉनच्या तुलनेत तो बराच महाग पडतो, तरीही. आर्द्रतेशिवाय घामाचं गणित होत नाही, आणि घामाचं गणित नसेल तर श्रावणातली रोवणी हातची जाते. फक्त खोल्यांचं तापमान हवं असेल तर डीएस१९२२एल पुरेसा आहे. थर्मोक्रॉनचा एक अंशाचा फरक घर विरुद्ध वावर अशा ढोबळ तुलनेत चालतो, कवेलूचं छत आणि टिनाचं छत यांच्या तुलनेत चालत नाही.

मांडणी करताना हिशेब असा. हायग्रोक्रॉनवर तापमान आणि आर्द्रता दोन्ही बारीक पायरीत घेतली की २०४८ जोड्या बसतात. दर १० मिनिटांनी एक नोंद म्हणजे १४ दिवस आणि वर काही तास. दोन्ही जाड पायरीत घेतली तर दुप्पट, २८ दिवस. सल्ला असा की बारीक पायरी ठेवा आणि दर बाराव्या दिवशी गावात जा. जाड पायरीत तापमान अर्ध्या अंशानं उड्या मारतं आणि सकाळचा हळूहळू चढणारा भाग जिन्यासारखा दिसतो. शिवाय महिनाभर कोणी गावात फिरकलं नाही तर निम्मे लॉगर घरातल्या कपड्यांच्या पेटीत जाऊन पडतात, हे त्याहून महत्त्वाचं.

सॉफ्टवेअर जुन्या वळणाचं आहे. वनवायरव्ह्यूअर जावावर चालतं, यूएसबीच्या अडॅप्टरला लावायचा वाचक वेगळा घ्यावा लागतो, आणि लॅपटॉपवर ड्रायव्हर नीट बसेपर्यंत एक दुपार जाते असं धरून चाला. नोंदणीच्या एका फेरीला तिथे ‘मिशन’ म्हणतात. इथे तीन गोष्टी चुकतात आणि तिन्ही वेळा माहिती परत मिळत नाही. एक, नवं मिशन सुरू केलं की जुन्या नोंदी पुसल्या जातात. आधी उतरवा, फाइल उघडून शेवटची तारीख पाहा, मगच नवं सुरू करा. दोन, ‘रोलओव्हर’ चालू राहिला तर मेमरी भरल्यावर नव्या नोंदी जुन्यांवर बसतात, म्हणून तो बंद ठेवा. तीन, लॉगरचं घड्याळ लॅपटॉपवरून लागतं. लॅपटॉपची वेळ किंवा टाइम झोन चुकला असेल तर भरदुपारचं ऊन रात्री दिसतं. मिशन सुरू करण्याआधी लॅपटॉप मोबाइलच्या वेळेशी जुळवायचा. आणि प्रत्येक डबीवर कोरलेला क्रमांक वहीत लिहायचा. वर चिकटवलेल्या कागदाचा भरवसा धरू नका, घामानं तो पहिल्या आठवड्यातच निघतो.

बॅटरी बदलता येत नाही. ती संपली की डबी निकामी. उष्णता आणि नोंदींचा वेग या दोन्हींनी तिचं आयुष्य घटतं, म्हणून न वापरायच्या महिन्यांत लॉगर गाडीच्या डॅशबोर्डमध्ये किंवा टिनाच्या गोदामात ठेवू नका. मिशन थांबवून, कपाटात. विकत घेताना उत्पादनाची तारीख विचारायला लाजू नका. जुना साठा स्वस्तात देणारे असतात.

आता खरा प्रश्न, तो अंगावर लावायचा कुठे? स्टीलच्या डबीवर थेट ऊन पडलं की ती हवेपेक्षा कितीतरी तापते आणि लॉगर आपलंच तापमान सांगू लागतो. हे सगळ्यांना सुचतं. अंगाला टेकल्याचा परिणाम मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. कातडीचं तापमान ३३ ते ३५ अंशांच्या घरात असतं. डिसेंबरच्या सकाळी कापूस वेचताना हवा १४ अंश असेल तर अंगाला टेकलेला लॉगर उगाच वर चढतो. नवतपात हवा ४४ अंश असेल तर तोच लॉगर अंगामुळे खाली ओढला जातो, आणि घामानं ओल्या झालेल्या शर्टाला चिकटला तर आणखी खाली. म्हणजे एकच चूक हिवाळ्यात एका दिशेला आणि उन्हाळ्यात विरुद्ध दिशेला. दोन हंगामांची तुलना करायला निघालात तर फरक होता त्याहून लहान दिसेल, आणि कोणतीही एकच वजाबाकी करून तो भरून काढता येणार नाही.

उपाय साधा आहे. लॉगर प्लास्टिकच्या की-रिंग फॉबमध्ये बसवा. त्यावर पांढऱ्या छोट्या डबीचं टोपण उलटं टांगा, खालून उघडं, बाजूंना चार भोकं. हे सगळं ५ सेंटिमीटरच्या दोरीनं कमरेच्या पट्ट्याला, उजव्या किंवा डाव्या कुशीला लोंबू द्या. पुढे नको, कारण वेचणीत पोटाशी ओटी बांधलेली असते आणि लॉगर कापसात दडतो. कापूस उष्णता अडवतो, मग दिवसभर सपाट रेघ. पाठीवरही नको: रोवणीत आणि निंदणात पाठ आडवी असते आणि सगळं ऊन तिच्यावरच पडतं, फवारणीत तिथे पंप असतो. बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. लॉगर त्या शर्टाच्या बाहेर राहिला पाहिजे, हे पहिल्या दिवशी दाखवून सांगावं लागतं, कारण नाजूक वस्तू आत ठेवायची सवय असते.

डबीला हवेशी जुळायला वेळ लागतो. कालस्थिरांक, म्हणजे तापमानातला सुमारे दोन-तृतीयांश फरक भरून निघायला लागणारा वेळ, १३० सेकंदांचा आहे, म्हणजे सावलीतून उन्हात गेल्यावर १० मिनिटं तरी तो मागे असतो. दर मिनिटाला नोंद घेऊन फायदा नाही, मेमरी भरते फक्त. १० मिनिटं योग्यच.

आर्द्रतेच्या सेन्सरला दोन शत्रू आहेत. पहिला, सततचा दमट काळ. ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की आकडा हळूहळू वर सरकतो, त्यामुळे भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या हंगामात लॉगर फेरीच्या शेवटी कोरड्या डबीत सिलिका जेलबरोबर ठेवून मग पुन्हा तपासावा. दुसरा, रसायनं. फवारणीच्या दिवशी हायग्रोक्रॉन लावू नये. त्याच्या भोकातून द्रावकाची वाफ आत जाते आणि सेन्सरचा आकडा कायमचा बिघडू शकतो. त्या दिवशी फक्त तापमानाचा डीएस१९२२एल लावा आणि आर्द्रता धुऱ्यावर टांगलेल्या दुसऱ्या लॉगरवरून घ्या, वाऱ्याच्या वरच्या अंगाला.

तपासणी: बर्फ, मीठ आणि एकच पेटी

प्रमाणपत्रासह आलेला लॉगरही स्वतः तपासल्याशिवाय गावात नेऊ नये. थर्मासमध्ये कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी, चिखलासारखं. लॉगर घट्ट बंद पिशवीत घालून तासभर त्यात. रेघ ० अंशाला टेकली पाहिजे. अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर तो लॉगर बाजूला, किंवा फरक वहीत नोंदवून नंतर वजा करायचा.

आर्द्रतेसाठी घरचं मीठ चालतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात इतकंच पाणी घालायचं की मीठ ओलं होईल, विरघळणार नाही. घट्ट डब्यात ते झाकण आणि लॉगर शेजारी-शेजारी, एकमेकांना न लागता, रात्रभर. २५ अंशांवर डब्यातली आर्द्रता ७५.३ टक्के होते, ४० अंशांवर ७४.७. हा एक बिंदू झाला. दुसरा बिंदू मॅग्नेशियम क्लोराइडचा, २५ अंशांवर ३२.८ टक्के. कोरड्या टोकाचा बिंदू टाळू नका, कारण विदर्भातला मे महिना त्याच टोकाला असतो. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता धरली तर ओल्या बल्बचं तापमान, म्हणजे ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरचं, २३ अंशांच्या आसपास येतं. आर्द्रता ५ टक्क्यांनी चुकली तर हा आकडा दोन अंशांहून अधिक हलतो. हायग्रोक्रॉनची हमी असलेली अचूकता तेवढीच आहे, अधिक-उणे ५ टक्के. तपासणीतून ती निम्म्यावर आणता येते, म्हणून मिठाचा डबा लॉगरइतकाच महत्त्वाचा.

तिसरी तपासणी सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत जास्त टाळली जाणारी: सगळे लॉगर एकाच सावलीच्या पेटीत २४ तास, अभ्यासाआधी एकदा, नंतर एकदा. पेटी म्हणजे पांढऱ्या प्लास्टिकच्या सात-आठ बशा, दीड सेंटिमीटर अंतरानं एका सळईवर ओवलेल्या, वरची अखंड, मधल्यांना मोठं भोक, लॉगर भोकांच्या पोकळीत. रेघा एकमेकींवर पडल्या पाहिजेत. एखादी रेघ दुपारीच वेगळी होत असेल तर सेन्सरपेक्षा बशांच्या फटीतून येणाऱ्या उन्हावर संशय घ्या.

काळा गोळा

लॉगर हवा मोजतो. ऊन, म्हणजे सूर्याकडून आणि तापलेल्या जमिनीकडून किरणांवाटे येणारी उष्णता, आणि वारा तो मोजत नाही. त्यासाठी डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर) हा निर्देशांक वापरतात. १९५०च्या दशकात अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षणात उष्माघात टाळण्यासाठी तो तयार झाला आणि आज आयएसओ ७२४३ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. उघड्यावर ओल्या बल्बच्या नैसर्गिक तापमानाचे ०.७, काळ्या गोळ्याचे ०.२ आणि कोरड्या हवेचे ०.१ भाग. छताखाली ओल्या बल्बचे ०.७ आणि गोळ्याचे ०.३.

केस्ट्रल ५४०० हा हातात मावणारा मीटर हे सगळं एकत्र देतो. प्रमाणित काळा गोळा १५० मिलिमीटरचा असतो, याचा २५ मिलिमीटरचा. लहान गोळ्याचा आकडा तो वारा धरून मोठ्या गोळ्यावर बसवतो. ओली वात लागत नाही, ओल्या बल्बचा आकडा आर्द्रतेवरून काढतो. बॅटरी एक एए लिथियम. हे सगळं शिबिराला, मैदानाला, वावराला सोयीचं आहे. अडचण किमतीची, आणि वापरण्याच्या पद्धतीची. तो हातात धरून वाचायचा नसतो. हाताची आणि अंगाची सावली, उष्णता, दोन्ही त्यात जातात. तिपाईवर, वाऱ्याकडे आपोआप वळणाऱ्या फिरत्या बैठकीवर, उभ्या माणसासाठी जमिनीपासून १.१ मीटरवर लावायचा, सावलीतून काढल्यावर पंधरा मिनिटं तरी थांबायचं आणि मग वाचायचं. रोवणीसारखं वाकून करायचं काम असेल तर उंची कमी करा. वेचणीच्या दिवसांत आणि जिनिंगमध्ये मीटरच्या वारा मोजणाऱ्या छोट्या पंख्याच्या दांड्याला कापसाचे तंतू गुंडाळतात, वारा शून्य दिसतो आणि गोळ्याची दुरुस्ती चुकते. रोज फुंकर मारून पंखा मोकळा फिरतो का ते पाहा. पंखा बदलता येतो, एक जादा ठेवा.

या मीटरचा खरा फायदा आकडेमोडीत दिसतो. मे महिन्याची दुपार घ्या: हवा ४४ अंश, ओला बल्ब उन्हात २५, काळा गोळा ५७. डब्ल्यूबीजीटी येतो ३३.३. आता धानाच्या बांधीतला ऑगस्ट: हवा ३२, आर्द्रता ८० टक्के, ओला बल्ब २९.५, ढगाआडच्या उन्हात गोळा ४२. येतो ३२.२. उदाहरणातले आकडे आहेत, पण हिशेब खरा आहे. बारा अंशांचा फरक एका अंशावर आला. मानकाप्रमाणे उन्हाला सरावलेल्या माणसानं मध्यम कष्टाचं काम करायची संदर्भ मर्यादा २८ आहे, जड कामाची २६, सराव नसलेल्याला अनुक्रमे २६ आणि २३. म्हणजे दोन्ही महिने मर्यादेच्या वर. उष्णतेचे इशारे मात्र ४० आणि ४५ अंशांच्या कमाल तापमानावर निघतात, त्यामुळे रोवणीच्या दिवसांत बाईला चक्कर आली तर ‘उपाशी असेल’ असं लिहिलं जातं. तुमच्या अभ्यासात जून ते सप्टेंबर नसेल तर निम्मी उष्णता बाहेर राहिली.

मीटर परवडत नसेल तर जुनी पद्धत आहे: १५० मिलिमीटरचा तांब्याचा पातळ पोकळ गोळा, त्याला फळ्याचा बिनचमकीचा काळा रंग, मध्यभागी थर्मामीटर, आणि शेजारी मलमलीची वात गुंडाळलेला दुसरा. स्थिर व्हायला २०-३० मिनिटं लागतात. वातीला बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटरच घाला. खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या पूर्णाकाठच्या गावांत, विहिरीचं पाणी घातलंत तर दोन दिवसांत क्षार बसून वात कडक होते, पाणी चढत नाही आणि ओला बल्ब कोरडा होऊन वरचा आकडा दाखवतो. गाव जास्त धोक्यात आहे असा निष्कर्ष निघेल, आणि तो चुकीचा असेल.

दोन्ही साधनं एकत्र वापरायची रीत अशी. मीटर गावातल्या दोन-तीन प्रकारच्या जागी, उघडं वावर, झाडाची सावली, बांधी, काही दिवस लावा आणि त्याच्या शेजारीच लॉगर टांगा. त्या जोड्यांवरून लॉगरच्या तापमान-आर्द्रतेला जागेप्रमाणे किती वाढवायचं ते ठरतं. मग प्रत्येकाच्या अंगावर महागडा मीटर लागत नाही.

भिंतीवरचं घड्याळ

एचटीसी-१ किंवा एचटीसी-२ नावानं मिळणारं, तापमान, आर्द्रता आणि वेळ दाखवणारं पांढरं घड्याळ. अचूकता एक अंश आणि ५ टक्के अशी लिहिलेली असते. घरातली मर्यादा ५० अंश, आर्द्रता १० टक्क्यांपासून पुढे. कमाल-किमान लक्षात ठेवतं, पण केव्हाची ते सांगत नाही, आणि नोंदी साठवत नाही. बाहेर टांगायला निरुपयोगी. खोलीत मात्र, आशाताई रोज ठरलेल्या वेळी येऊन आकडा लिहिणार असतील तर, पैशाच्या मानानं चांगलं. पश्चिमेच्या भिंतीवर नको, फ्रिजवर नको, कूलरच्या झोतात तर नकोच. कूलर तापमान उतरवतो आणि आर्द्रता चढवतो. जूनच्या पहिल्या पावसानंतर तो फारसा थंडही करत नाही. म्हणून कूलर चालू की बंद हा रकाना आकड्याच्या शेजारी हवाच.

रात्रीसाठी एक सावधगिरी. टिनाचं छत सूर्य मावळला की लवकर थंड होतं, सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. त्यामुळे लोक खाटा अंगणात काढतात. खोलीतलं घड्याळ ३६ दाखवतं आणि माणूस बाहेर ३० अंशांत झोपलेला असतो. रात्रीचा लॉगर खाटेच्या पायाला, गादीच्या उंचीवर बांधा, खाटेबरोबर फिरेल.

रेघ वाचायची कशी

लॉगर परत आला की आधी प्रत्येकाची रेघ डोळ्यांनी पाहा, सरासरी नंतर. दिवसभर ३१-३२ अंशांवर सपाट म्हणजे घरच्या पेटीत होता. गावातल्या बशांच्या पेटीच्या रेघेशी तंतोतंत जुळते म्हणजे अंगणातल्या खुंटीला टांगलेला. आर्द्रता अचानक १००, मग तासाभरात खाली, म्हणजे शर्टाबरोबर धुतला गेला. दुपारी १२ नंतर हवेपेक्षा १० अंश वर उडी म्हणजे टोपण निघालं आणि डबी उन्हात आली. असे तुकडे काढून टाकायचे आणि किती काढले ते लिहायचं.

सोबतची डायरी घड्याळाच्या तासांनी छापू नका. न्याहारीआधी, न्याहारी ते जेवण, जेवणानंतरची सावली, दुपारनंतर, दिवेलागणीनंतर, असे पाच रकाने पुरतात. प्रत्येकात काम आणि जागा. काम रोजानं की उक्त्यानं हे विचाराच, कारण उक्त्याच्या कामात माणूस सावलीत बसत नाही आणि मानकातला कष्टाचा गट एक पायरी वर जातो. तेंदूपत्त्याचं तसंच: पहाटे जंगलात, दुपारी मुडके (पानांचे जुडगे) बांधायला सावलीत, आणि हवामान केंद्र बघाल तर तालुक्याच्या गावी.

देताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा: यात कॅमेरा नाही, आवाज आणि ठिकाण नोंदवत नाही, आणि हरवला तर पैसे कापणार नाही. दुसरी सांगितली नाही तर लॉगर जपून ठेवला जातो, आणि जपून म्हणजे पेटीत.

तीस जणांच्या गावासाठी मागणी अशी लावावी: हायग्रोक्रॉन ३६ (तीस अंगावर, तीन बशांच्या पेटीत, तीन राखीव), फवारणीसाठी डीएस१९२२एल चार, वाचक आणि अडॅप्टर दोन जोड, केस्ट्रल एक फिरत्या बैठकीसह, घड्याळं घरं पाहून. आयातीला आणि तपासणीला वेळ लागतो. मार्चच्या मोहफुलांपासून मोजायचं असेल तर मागणी दिवाळीनंतर लगेच गेली पाहिजे.

दुकानदार यासोबत लाल ठिपक्याची इन्फ्रारेड गनही पुढे करतात. ती पृष्ठभागाचं तापमान सांगते, माणसाला लागलेल्या उष्णतेचं नाही. छताची तुलना करायला तिचा उपयोग आहे, पण नवा चकचकीत टिनपत्रा ती खऱ्यापेक्षा थंड दाखवते, कारण चमकदार धातू स्वतःचे किरण कमी सोडतो आणि आकाशाचे परावर्तित करतो. पत्र्यावर आतून काळी इन्सुलेशन टेपची पट्टी चिकटवायची, पाच मिनिटं थांबायचं आणि नेम त्या पट्टीवर धरायचा.